खान्देशात सेंद्रिय अन्नाचा व्यवसाय : पिशवी छापण्यापूर्वी काय समजून घ्यावे

खान्देशात सेंद्रिय किंवा आरोग्यदायी खाद्यपदार्थांचा व्यवसाय सुरू करू पाहणारे बहुतेक जण आधी नाव ठरवतात, मग बोधचिन्ह काढून घेतात, पिशव्या छापतात आणि त्यानंतर त्या पिशव्यांत भरण्यासाठी माल शोधायला निघतात. हा क्रम उलटा आहे आणि या व्यवसायात तो विशेष महागात पडतो, कारण पिशवीवरचा ‘सेंद्रिय’ हा शब्द खरा ठरवण्याचे काम पिशवी भरण्याच्या दोन-तीन वर्षे आधी शेतात सुरू झालेले असावे लागते. ज्वारी किंवा तूरडाळ ग्राहकाला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळते. तो जास्तीचे पैसे मोजतो ते त्या मालाबद्दल आपण केलेल्या विधानासाठी. ते विधान कोणी विचारल्यास कागदाने सिद्ध करता येणे ही या व्यवसायाची खरी मालमत्ता आहे, आणि ती कशी उभी राहते हे येथे सविस्तर पाहायचे आहे.

सुरुवातीलाच ‘सेंद्रिय’ आणि ‘आरोग्यदायी’ या दोन गोष्टी मनात वेगळ्या कराव्यात. पीक कसे पिकवले, साठवले आणि हाताळले याबद्दलचे विधान म्हणजे सेंद्रिय. तो पदार्थ खाल्ल्यावर शरीराला काय मिळते याबद्दलचे विधान म्हणजे आरोग्यदायी. सेंद्रिय उसापासून केलेला गूळ सेंद्रिय असला तरी तो साखरेचाच एक प्रकार राहतो, आणि सातपुड्यातल्या नागलीला प्रमाणपत्र नसले म्हणून तिच्यातले कॅल्शियम कमी होत नाही. कायद्यानेही या दोन विधानांसाठी दोन वेगळे नियम केले आहेत. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, 2006 या मूळ कायद्याखाली सेंद्रिय अन्नासाठी 2017चे विनियम आहेत, तर जाहिराती आणि दाव्यांसाठी 2018चे. एकाच पिशवीवर दोन्ही दावे करायचे असतील तर दोन्ही नियम पाळावे लागतात.

कोणता माल घ्यावा

खान्देश म्हटले की केळी आणि कापूस ही दोन पिके डोळ्यांपुढे येतात. माझे स्पष्ट मत असे आहे की नव्या माणसाने या दोहोंपासून सुरुवात करू नये. कापूस हे खाण्याचे पीक नाही, आणि सरकीचे तेल काढायचे म्हटले तरी आपल्याकडचा जवळजवळ सगळा कापूस बीटी वाणाचा असतो, तर सेंद्रिय पद्धतीत जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या केळीला मोठे नाव आहे, जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण केळी नाशवंत आहे, तिला अन्नद्रव्ये भरपूर लागतात, आणि करपा आला की सेंद्रिय उपायांवर भरवसा ठेवून बाग उभी ठेवणे हे अनुभवी बागायतदाराचे काम आहे. ज्याची स्वतःची बाग आहे त्याने कच्च्या केळीचे पीठ जरूर करून पाहावे, इतरांनी थांबावे.

सुरुवातीला कोरडा, टिकाऊ आणि मुळातच कमी फवारणीचा माल घ्यावा. त्या दृष्टीने दादर ज्वारीइतके सोयीचे पीक दुसरे नाही. तापी आणि पांझरेच्या काठच्या भारी काळ्या जमिनीत, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीत ही ज्वारी येते. पाणी देण्याची गरज फारशी पडत नाही, खताची मागणी बेताची असते आणि फवारणी क्वचितच होते. अमळनेर, शिंदखेडा, शिरपूर, शहादा या भागांत ती आजही पेरली जाते. तिच्या भाकरीची चव माहीत असलेला ग्राहक केवळ खान्देशात नाही. सुरत, नाशिक, पुणे, कल्याण येथे स्थायिक झालेली हजारो खान्देशी कुटुंबे दादरचे नाव ऐकताच दाम विचारतात. ज्या मालाची ओळख करून द्यावी लागत नाही तो माल नव्या व्यावसायिकाचा जाहिरातीचा मोठा खर्च वाचवतो.

त्यानंतर भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची तूरडाळ येते, नंदुरबारची लाल मिरची येते, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नागली व भगर येते. ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळलेले कळण्याचे पीठ, ज्वारीचे बिबडे, खान्देशी काळा मसाला हे पदार्थ पुढच्या टप्प्यावर करता येतात, पण त्यांत एकाहून अधिक घटक असतात आणि घटक वाढला की प्रत्येकाचा कागद वाढतो. प्रचलित मानकांनुसार मिश्र पदार्थाला सेंद्रिय म्हणायचे तर त्यातले किमान 95 टक्के घटक प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात. काळ्या मसाल्यात खोबरे, खसखस, दगडफूल, लवंग, दालचिनी असे कितीतरी जिन्नस पडतात आणि ते बहुतेक बाहेरून येतात. म्हणून पहिल्याच वर्षी ‘सेंद्रिय काळा मसाला’ करण्याचा मोह टाळावा. भरताच्या वांग्यालाही मानांकन आहे आणि त्याची कीर्तीही मोठी आहे, मात्र ते हंगामी आणि नाजूक फळ असल्याने त्याचा व्यवसाय वेगळ्या प्रकारचा आहे.

प्रमाणपत्राची गुंतागुंत

भारतात सेंद्रिय मालाच्या प्रमाणीकरणाच्या दोन मान्य पद्धती आहेत आणि त्यांतला फरक नीट समजला की निम्मा गोंधळ संपतो.

पहिली पद्धत राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, म्हणजे एनपीओपीची. ती 2001 पासून चालू आहे आणि वाणिज्य मंत्रालयाखालील अपेडा ही कृषी निर्यात विकास संस्था ती चालवते. यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था शेताची, नोंदींची आणि साठवणुकीची तपासणी करते व त्यासाठी शुल्क घेते. निर्यात करायची असेल तर ही पद्धत अनिवार्य आहे. एकट्या लहान शेतकऱ्याला हा खर्च परवडत नाही, म्हणून 25 ते 500 शेतकऱ्यांच्या गटाला एकत्र प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे.

दुसरी पद्धत सहभाग हमी पद्धती, म्हणजे पीजीएस-इंडिया. ती कृषी मंत्रालयाखाली येते. यात जवळपासच्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट तयार होतो, गटातले शेतकरी एकमेकांच्या शेताची ठरलेल्या नमुन्यात पाहणी करतात, शपथपत्र देतात, आणि प्रादेशिक परिषद त्या नोंदी तपासून प्रमाणपत्र मंजूर करते. खर्च नगण्य असतो आणि देशांतर्गत विक्रीला हे प्रमाणपत्र पूर्णपणे चालते. पुणे-मुंबई-सुरतपर्यंतच माल विकायचा असेल तर सुरुवातीसाठी हीच पद्धत योग्य आहे. तिचे बळ आणि तिची कमजोरी एकाच ठिकाणी आहे : शेजारी शेजाऱ्याला चांगले ओळखतो, म्हणून रात्री युरिया टाकला तर तो कळतो, आणि शेजारी शेजाऱ्याला चांगले ओळखतो, म्हणूनच ते कळूनही गप्प बसण्याची शक्यता असते. गटात कोण आहे याला त्यामुळे फार महत्त्व आहे. पंचवीस नावांचा कागदी गट उभा करण्यापेक्षा एकमेकांना खडसावू शकतील असे सहा-सात शेतकरी मी केव्हाही पसंत करीन.

दोन्ही पद्धतींत रूपांतरणाचा काळ असतो. हंगामी पिकांसाठी तो साधारण दोन वर्षांचा आणि फळबागांसारख्या बहुवर्षायू पिकांसाठी तीन वर्षांचा. या काळात शेतकरी रासायनिक खत आणि औषध वापरत नाही, पण त्याचा माल अजून पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. पीजीएसमध्ये या टप्प्याला ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच सर्वांत कठीण काळ असतो, कारण उत्पादन घटण्याची शक्यता असते आणि भाव मात्र नेहमीचाच मिळतो. व्यवसाय करणाऱ्याने या काळात शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा थोडा जास्त दर दिला नाही, तर तिसऱ्या वर्षी, माल खरोखर सेंद्रिय होतो तेव्हा, तो शेतकरी आपल्याबरोबर राहील याची खात्री धरू नये.

बांधापलीकडच्या शेताचाही विचार करावा लागतो. शेजारी कापूस असेल तर फवारणीचा तुषार वाऱ्याने येतो आणि पावसाचे पाणी खतासकट उतरते. यासाठी मधे मोकळा पट्टा किंवा दाट कुंपणपीक ठेवावे लागते आणि त्या पट्ट्यातला माल वेगळा काढावा लागतो. सेंद्रिय मालात कीटकनाशकाचा अंश सर्वसाधारण मर्यादेच्या पाच टक्क्यांहून जास्त आढळता कामा नये, इतकी ही अट कडक आहे. शिवाय ‘सेंद्रिय टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत काय आहे याची खात्री असल्याशिवाय ती शेतात येऊ देऊ नये. निंबोळी अर्क आणि जीवामृत गावातच करता येते, आणि त्याची नोंद ठेवणेही सोपे जाते.

सर्वांत जास्त लोक अडखळतात ते पुढच्या मुद्द्यावर. शेताचे प्रमाणपत्र पिशवीला आपोआप लागू होत नाही. प्रमाणित शेतकऱ्याकडून दादर विकत घेतली, ती गावच्या गिरणीत दळली आणि आपल्या नावाने पॅक केली, तर दळणारा आणि पॅक करणारा हाही त्या साखळीचा भाग असतो आणि त्याची प्रक्रियाही प्रमाणित असावी लागते. गिरणीत आधी साधी ज्वारी दळली गेली असेल तर यंत्र स्वच्छ करून सुरुवातीचे काही किलो बाजूला काढावे लागतात आणि तशी नोंद ठेवावी लागते. मधला एक दुवा कागदावर नसेल तर शेतकऱ्याने कितीही प्रामाणिकपणे पिकवलेला माल कायद्याच्या दृष्टीने साधा माल ठरतो. म्हणून सुरुवातीला गटानेच स्वतःच्या जागेत स्वच्छता, दळण आणि पॅकिंग करणे सोयीचे असते.

लहान उत्पादकाला कायद्याने एक सवलत दिली आहे. ज्या मूळ उत्पादकाची वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपेक्षा जास्त नाही, त्याने थेट ग्राहकाला माल विकल्यास त्याच्यावर प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र अशा मालावर ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय अन्नाचे चिन्ह वापरता येत नाही, आणि तो माल दुकानदारामार्फत विकला की ही सवलत संपते.

पिकवल्यानंतरचा धोका

शेतात घेतलेली मेहनत कोठारात वाया जाते, आणि याबद्दल फार कमी बोलले जाते. साध्या धान्याला कीड लागू नये म्हणून व्यापारी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. सेंद्रिय मालाला त्या चालत नाहीत, त्यामुळे ज्वारी आणि तूर यांना सोंडे, भुंगे आणि पाखरू लागण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र करावे लागतात. धान्य चांगले वाळवून त्यातली ओल 12 टक्क्यांच्या खाली, आणि डाळींची त्याहूनही कमी आणावी. ओल मोजण्याचे यंत्र विकत घ्यावे, दाताखाली दाणा फोडून अंदाज करणे पुरेसे नाही. धान्य हवाबंद थैलीत भरावे, कारण थैलीतला प्राणवायू संपला की आतली कीड मरते. आणि पीठ किंवा डाळ मागणीप्रमाणे थोडी-थोडी करावी. साठा नेहमी अख्ख्या दाण्याचा ठेवावा. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडू होते, कारण दळताना दाण्यातले तेल मोकळे होऊन खवट होऊ लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचे तापमान 45 अंशांच्या आसपास जाते तेव्हा पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या पिठाचे आणि घाण्याच्या तेलाचे आयुष्य पाकिटावर छापलेल्या मुदतीपेक्षा बरेच कमी असते.

दुसरा धोका बुरशीचा आहे. रसायन नसलेला माल आपोआप सुरक्षित असतो हा समज चुकीचा आहे. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची उघड्यावर वाळते तेव्हा अवकाळी पाऊस किंवा रात्रीचे दव पडले की तिच्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते तळल्याने किंवा भाजल्याने पूर्णपणे जात नाही. ओल राहिलेल्या शेंगदाण्यातही तेच होते. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्रात आणि एकादशीच्या सुमारास येतात, त्यामागेही दमट हवेत साठवलेल्या भगरीवरची बुरशी हे एक प्रमुख कारण असते. म्हणून मिरची जमिनीपासून उंचावर, जाळीवर किंवा सौर वाळवणी यंत्रात वाळवावी, आणि प्रत्येक मोठ्या लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिन व कीटकनाशक अंश या दोन्हींसाठी तपासून घ्यावा. या तपासणीला काही हजार रुपये लागतात. हा खर्च वाचवण्याचा विचारही करू नये, कारण आपला माल लहान मुले आणि आजारी माणसे विश्वासाने खातात.

पाकिटावर काय लिहावे

अन्नपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला, घरातून करत असला तरी, एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना लागतो. ठरावीक मर्यादेपर्यंत उलाढाल असणाऱ्यास साधी नोंदणी पुरते. या मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी फॉस्कॉस या शासकीय संकेतस्थळावर चालू आकडा पाहून घ्यावा. मिळालेला 14 अंकी क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगची आणि मुदतीची तारीख, लॉट क्रमांक, घटक आणि तक्रारीसाठी संपर्क पाकिटावर असावा. यांपैकी लॉट क्रमांक ही औपचारिकता समजली जाते, पण एखाद्या ग्राहकाची तक्रार आली तर ती पिशवी कोणत्या शेतकऱ्याच्या, कोणत्या खळ्यावरच्या धान्याची होती हे फक्त त्याच क्रमांकावरून कळते.

आरोग्याच्या दाव्यांबाबत फार जपून राहावे. ‘मधुमेह बरा करते’, ‘वजन हमखास घटवते’ असे लिहिणे हा गुन्हा ठरू शकतो. अन्नाने रोग बरा होतो असा दावा करताच येत नाही. ‘शुगर फ्री’ लिहायचे तर 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त असू नये, त्यामुळे गूळ घातलेल्या नागलीच्या लाडवावर हे शब्द लिहिणे ही सरळ दिशाभूल आहे. तंतुमय पदार्थांचा स्रोत म्हणायचे तर 100 ग्रॅममध्ये किमान 3 ग्रॅम आणि भरपूर म्हणायचे तर किमान 6 ग्रॅम तंतू असावे लागतात. हे आकडे आपल्या पिठाच्या चाचणीतून यावेत. इंटरनेटवरून उचललेल्या तक्त्यातून येऊ नयेत. ‘विषमुक्त’ हा शब्द प्रमाणपत्र टाळण्यासाठी सर्रास वापरला जातो, पण तोही दावाच आहे, आणि कोणी पुरावा मागितला तर चाचणीचा अहवाल दाखवावा लागतो.

पैशाचा हिशेब

एक उदाहरण पाहू. त्यातले आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा दादर 50 रुपये किलोने मिळाली. वाहतूक 2 रुपये, निवडण-तूट 3 रुपये, दळण 5 रुपये, पिशवी आणि लेबल 8 रुपये, मजुरी, वीज आणि तपासणी मिळून 7 रुपये धरले तर किलोभर पिठाचा खर्च 75 रुपये होतो. किंमत 100 रुपये ठेवली की किलोमागे 25 रुपये सुटतात असे वाटते. पण दुकानदाराने 25 टक्के घेतले की हाती 75 रुपयेच येतात, आणि त्यातला पाच टक्के माल मुदत संपून परत आला तर 71 रुपये 25 पैसे. म्हणजे प्रत्येक किलोमागे पावणेचार रुपये तोटा. तेच पीठ ग्राहकाला थेट 95 रुपयांना दिले तर ग्राहकाला ते स्वस्त पडते आणि आपल्याकडे 20 रुपये उरतात, ज्यातून पोहोचवण्याचा खर्च निघू शकतो. एक किलोचे पाकीट कुरिअरने पाठवले तर मात्र तेही उरत नाहीत.

या साध्या गणितामुळे मला असे वाटते की पहिली दोन वर्षे दुकानांच्या मागे लागू नये. पुण्यातल्या किंवा सुरतेतल्या एखाद्या वसाहतीतील चाळीस-पन्नास खान्देशी कुटुंबांची महिन्याची एकत्रित मागणी घ्यावी, पैसे आगाऊ घ्यावेत आणि माल रेल्वे पार्सलने किंवा टेम्पोने एकदम पाठवावा. मागणी आधी कळल्यामुळे दळण ताजे राहते आणि परत येणारा माल जवळजवळ शून्यावर येतो. आधीच पॅक केलेल्या, 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या धान्य-पिठावर 2022 पासून पाच टक्के जीएसटी आहे; माल महाराष्ट्रातच विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ओलांडेपर्यंत तो भरावा लागत नसला तरी सुरतेसारख्या परराज्यात विकायचे तर नोंदणी आधीच लागते, म्हणून पुढच्या किमतीचा विचार करताना तो धरूनच चालावे.

यंत्रसामग्रीसाठी कर्ज घेताना प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेची चौकशी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात करावी. 2020 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद आहे. ती सध्या खुली आहे का ते तेथेच कळेल. अनुदान आहे म्हणून मोठी यंत्रे घेणे मात्र चुकीचे आहे. स्वच्छता यंत्र, लहान गिरणी, ओल मापक आणि पिशवी बंद करण्याचे यंत्र एवढ्यावर सुरुवात होते.

दादरची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि रूपांतरणाचा काळ साधारणपणे गटाच्या नोंदणीनंतर मोजला जातो. त्यामुळे ज्यांना हे करायचे आहे त्यांनी पावसाळा संपण्याच्या आत पाच-सहा शेतकऱ्यांचा गट ठरवावा, प्रत्येकाचा सातबारा आणि शेताचा नकाशा गोळा करावा, गेल्या तीन वर्षांत कोणत्या शेतात काय टाकले याची खरी माहिती लिहून काढावी, आणि मामुराबाद, पाल, धुळे किंवा नंदुरबार येथील आपल्याला जवळ असलेल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन पीजीएसच्या नोंदणीची प्रक्रिया विचारावी. ज्या वर्षी ही नोंद झाली ते रूपांतरणाचे पहिले वर्ष; रूपांतरण पूर्ण होईपर्यंत साधी दादर साधी म्हणूनच विकून गिरणी, पॅकिंग आणि ग्राहकांची यादी तयार करून घेता येते.